उगमापासून हरिपूरपर्यंत: कृष्णाकाठाने गाडीने कसे जावे

पुण्याहून सांगलीला निघालेला माणूस चार-पाच तासांत मुक्कामी पोहोचतो. परंतु वाटेत कृष्णा नेमकी कोठे लागली, असे त्याला विचारले तर बहुधा सांगता येत नाही. यात त्याचा दोष नाही. राष्ट्रीय महामार्ग ४८ भुईंजजवळ कृष्णा ओलांडतो, त्यानंतर नदी पूर्वेकडून वाहत राहते आणि महामार्ग पश्चिमेकडून धावत राहतो. कराडला जो मोठा पूल लागतो आणि ज्यावरून जाताना पुष्कळ लोक हात जोडतात, त्याखालून वाहते ती कृष्णा नसून कोयना असते. म्हणून कृष्णाकाठ पाहण्यासाठी जो घराबाहेर पडतो त्याने महामार्ग हा फक्त दोन थांबे जोडणारा दुवा मानावा, आणि फाट्याफाट्यावरून आत वळून नदीपर्यंत उतरत जावे. सातारा जिल्ह्यात राहून ही वाट तुकड्यातुकड्याने अनेकदा आणि सलग तीनदा केल्यानंतर जे उपयोगाचे वाटले ते येथे लिहीत आहे.

प्रवासाची दिशा उगमाकडून खाली अशीच ठेवावी. उलट दिशेने, म्हणजे सांगलीहून महाबळेश्वरकडे जाणे सोयीचे असले तरी त्यात नदी लहान होत जाते आणि शेवटी हाती एक गोमुख उरते. उगमाकडून निघाल्यास नदी कशी मोठी होते हे डोळ्यांनी पाहता येते, कारण तिचा प्रत्येक संगम गाडीने गाठता येण्याजोगा आहे. वेण्णा तिला माहुलीला मिळते, कोयना कराडला, येरळा ब्रह्मनाळला आणि वारणा हरिपूरला. हे चार संगम म्हणजेच या प्रवासाचे चार मुख्य थांबे समजावेत आणि बाकीची ठिकाणे त्यांच्या मध्ये वेळेनुसार बसवावीत. एकूण अंतर आडवाटा धरून अडीचशे किलोमीटरच्या आसपास भरते. दोन दिवसांत ते होते, पण धावपळ होते. तीन दिवस काढावेत, पहिला मुक्काम वाईला आणि दुसरा कराडला करावा.

ऋतूविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण या खोऱ्याचे दोन स्वभाव आहेत. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याच नदीच्या काठी सांगलीकडे तो सहाशेच्या आसपास येतो. त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये सांगलीत कोरडे ऊन असताना नदी दुथडी भरून वाहत असते, आणि प्रवाशाला आभाळाकडे पाहून पुराचा अंदाज येत नाही. सप्टेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ सर्वांत चांगला असतो. त्यातही ऑक्टोबरमध्ये डोंगर हिरवे असतात, धरणे भरलेली असतात आणि ऊसतोडणी नुकतीच सुरू होत असते. एप्रिल-मे टाळावा असे मी म्हणणार नाही, कारण वाईच्या घाटावरील संध्याकाळ उन्हाळ्यातच खरी कळते. मात्र दुपारी बारा ते चार या वेळेत कराडच्या खालच्या पट्ट्यात गाडीतून उतरण्याची इच्छा होत नाही. पावसाळ्यात जायचेच असेल तर वाईपर्यंत जावे आणि परत फिरावे.

निघण्यापूर्वी गाडीचे ब्रेक आणि टायर तपासून घ्यावेत, ही सूचना सर्वत्र दिलेली असते, म्हणून ती लांबवत नाही. या वाटेसाठी विशेष सांगायचे ते फोनवरील नकाशाविषयी. शेवटचे ठिकाण सांगली असे घातले की नकाशा प्रत्येक वेळी ओढून महामार्गावर नेतो. त्यामुळे एका वेळी फक्त पुढचा थांबा घालावा. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. कृष्णेवर आणि तिच्या उपनद्यांवर ठिकठिकाणी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत, ज्यांचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या आडव्या फळ्या, पावसाळ्यात काढतात आणि पावसाळा संपला की पुन्हा बसवतात. त्यांच्या माथ्यावरून दुचाकी आणि लहान गाड्या जातात. नकाशाला हा बंधारा रस्ता वाटतो. एका सप्टेंबरमध्ये अंधार पडताना आम्ही अशाच एका बंधाऱ्याच्या तोंडाशी पोहोचलो. समोर पाण्याचा पातळ थर वाहत होता आणि कठड्याचे खांब मध्येच दिसेनासे झाले होते. शेजारच्या मळ्यातील एका म्हाताऱ्याने हातातील बॅटरी हलवून आम्हाला थांबवले आणि एवढेच म्हणाला, "पावनं, पाणी घोट्याएवढं दिसतंय, पण वढ लई हाय." गाडी मागे घेण्यात अर्धा तास गेला. पाणी वाहत असलेल्या बंधाऱ्यावर किंवा फरशी पुलावर गाडी घालू नये, हा नियम तेव्हापासून आमच्या घरी पक्का झाला.

पहिला दिवस: महाबळेश्वर ते वाई

सुरुवात क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरापासून करावी. हे ठिकाण महाबळेश्वरच्या बाजारपेठेपासून सहा किलोमीटरवर आहे. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या नद्यांचे प्रवाह येथे एकत्र येऊन गोमुखातून पडतात अशी श्रद्धा आहे. श्रद्धा बाजूला ठेवली तरी भूगोल विलक्षण आहे, कारण सावित्री येथून पश्चिमेला उतरून कोकणात जाते आणि कृष्णा, अरबी समुद्र जेमतेम चौसष्ट किलोमीटरवर असताना त्याच्याकडे पाठ फिरवून सुमारे चौदाशे किलोमीटर पूर्वेला, बंगालच्या उपसागराकडे निघते. सकाळी आठच्या आत पोहोचल्यास गर्दी नसते. माकडांपासून हातातील पिशवी सांभाळावी. पंचगंगा मंदिराच्या जवळच काळ्या दगडातील कृष्णाबाईचे जुने मंदिर आहे, तेथे बहुतेक लोक जात नाहीत. परंतु माझ्या मते खरी सुरुवात तेथेच करावी, कारण त्याच्या कडेवरून आपण ज्या खोऱ्यातून जाणार आहोत ते खोरे समोर उघडते.

तेथून पाचगणीच्या रस्त्याला लागावे आणि वाटेत केट्स पॉइंटचा फाटा घ्यावा. महाबळेश्वरच्या पंचवीस-तीस पॉइंटांपैकी या प्रवासासाठी एवढाच आवश्यक आहे. येथून धोम आणि बलकवडी या दोन्ही धरणांचे पाणी दिसते, आणि वरून पाहिलेला हा नकाशा पुढचे तीन दिवस उपयोगी पडतो. महाबळेश्वर आणि पाचगणी या दोन्ही ठिकाणी प्रवेशाच्या नाक्यावर पर्यटकांकडून कर घेतला जातो, तेव्हा सुटे पैसे जवळ ठेवावेत. डिसेंबर ते मार्च या काळात स्ट्रॉबेरी रस्त्याकडेला विकायला असते. ती विकत घेतली तर त्याच दिवशी संपवावी, कारण खालच्या उष्णतेत ती दुसऱ्या सकाळपर्यंत राहत नाही.

पाचगणीहून वाईला उतरणारा पसरणी घाट सुमारे बारा किलोमीटरचा आहे. चढताना तो सोपा वाटतो आणि उतरताना अनेकांच्या गाड्यांच्या ब्रेकचा वास येऊ लागतो. संपूर्ण उतारावर गाडी दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरमध्ये ठेवावी, ब्रेक केवळ वळणापूर्वी दाबावा, आणि चढून येणाऱ्या एसटीला वाट द्यावी. शनिवार-रविवारी आणि मेमध्ये येथे वाहनांची रांग लागते; शक्य असल्यास प्रवासाचा पहिला दिवस आठवड्याच्या मधला धरावा. घाटातून उतरताना एका वळणावर वाईचे खोरे, धोमचे पाणी आणि पांडवगड एकदम समोर येतात. तेथे थांबण्याचा मोह होतो, परंतु वळणावर गाडी उभी करू नये. थोडे पुढे रुंद जागा मिळते.

वाईत घाईने जाऊ नये. कृष्णेचा पहिला खरा काठ वाईलाच लागतो, आणि या एका गावासाठी किमान अर्धा दिवस राखून ठेवावा. गंगापुरीपासून रामडोहापर्यंत गावाच्या आळ्यांना नेमून दिल्यासारखे सात घाट आहेत, आणि कृष्णाबाईचा उत्सव थंडी सरत असताना एकेका घाटावर पाळीपाळीने होतो. पाटी पाहून देवळे मोजण्यापेक्षा गाडी बाजारात लावून सर्व घाट पायी चालावेत. फार तर दीड तास लागतो. गणपती आळीच्या घाटावरील ढोल्या गणपतीचे मंदिर १७६२ मध्ये गणपतराव भिकाजी रास्ते यांनी बांधले. लोक आत जाऊन भव्य मूर्तीचे दर्शन घेतात आणि परततात. त्यांनी देवळाला मागून वळसा घालावा अशी माझी आग्रहाची सूचना आहे. गाभाऱ्याची मागची भिंत माशाच्या आकारात निमुळती बांधलेली आहे, जेणेकरून पुराचे पाणी तिच्यावर आदळून दुभंगावे आणि दोन्ही बाजूंनी निघून जावे. नदीच्या पात्राशी देऊळ बांधायचे तर नदीशी आधी बोलणी करावी लागतात, हे अडीचशे वर्षांपूर्वीच्या गवंड्याला ठाऊक होते. शेजारचे काशीविश्वेश्वराचे मंदिरही पाहावे. मराठी विश्वकोशाचे काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली याच गावातून चालले, ही गोष्ट घाटावर बसल्यावर आठवली तर गावाचा संथपणा निराळा वाटू लागतो. अफजलखानाकडे वाईची सुभेदारी होती आणि १६५९ मध्ये प्रतापगडाकडे जाण्यापूर्वी त्याचा तळ याच परिसरात होता.

दुसरा दिवस: मेणवली, धोम, लिंब, माहुली, कराड

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर मेणवलीला जावे. हे गाव वाईपासून तीन किलोमीटरवर आहे आणि नाना फडणवीसांचा वाडा व त्यामागचा चंद्रकोरीसारखा घाट यासाठी प्रसिद्ध आहे. चित्रपटांच्या चित्रीकरणामुळे हा घाट पाहिल्यासारखा वाटतो. घाटावरील छोट्या मंदिरासारख्या घुमटीत एक मोठी पंचधातूची घंटा टांगलेली आहे. चिमाजी आप्पांच्या वसईच्या विजयानंतर, म्हणजे १७३९ नंतर, पोर्तुगिजांकडून आलेल्या घंटांपैकी ती एक आहे आणि तिच्यावर मेरी व बाळ येशू यांची आकृती आहे. घंटा वाजवून पाहण्याची हौस टाळावी. वाडा ही खासगी मालमत्ता आहे, म्हणून आत जाण्यापूर्वी तेथील माणसाला विचारावे आणि जेथे नको म्हटले तेथे छायाचित्र काढू नये.

मेणवलीहून तसेच पुढे गेल्यावर धोम येते. गावाच्या पाठीशी धरणाची भिंत आहे आणि काठावर नरसिंहाचे व महादेवाचे मंदिर आहे. महादेवासमोरील नंदी कासवाच्या पाठीवर बसवला असून सभोवती कमळाकृती कुंड आहे; कुंडात पाणी असले की कासव तरंगत असल्यासारखे दिसते. धरणाच्या भिंतीवर जाण्यास परवानगी नसते, तेव्हा तेथील सुरक्षारक्षकाशी वाद घालू नये. ज्यांच्याकडे आणखी एक दिवस आहे त्यांनी जलाशयाच्या कडेने खोऱ्याच्या टोकाकडे, जोर गावापर्यंत जावे. एका बाजूला महाबळेश्वरचे पठार आणि दुसऱ्या बाजूला कमळगड ठेवून हा रस्ता जातो. पुढे रस्ता संपतो आणि त्याच वाटेने परतावे लागते. या पट्ट्यात पेट्रोल पंप नाही आणि फोनला रेंज मिळेलच असे नाही, म्हणून वाईतच टाकी भरून घ्यावी.

वाईहून सातारा पस्तीस किलोमीटर आहे. महामार्गावर आल्यावर आनेवाडीचा टोलनाका लागतो. फास्टॅगमध्ये पुरेशी रक्कम असल्याची खात्री आधीच करून घ्यावी. साताऱ्यापूर्वी लिंब गावाचा फाटा घेऊन शेरी येथील बारा मोटेची विहीर पाहावी. सातारच्या थोरल्या शाहू महाराजांच्या राणीवशातील वीरूबाई यांनी शके १६४१ ते १६४६ या काळात, म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४ मध्ये ती बांधून घेतली. विहीर सुमारे एकशेदहा फूट खोल आणि पन्नास फूट व्यासाची असून वरून पाहिल्यास शिवलिंगाच्या आकाराची दिसते. एकाच वेळी बारा मोटा चालतील अशी तिची रचना आहे, आणि मोटांच्या धावेखाली चक्क छोटा महाल आहे, ज्यात उन्हाळ्यातही गारवा असतो. नदी एवढी जवळ असताना विहीर कशासाठी, असा प्रश्न माझ्या मुलाने विचारला होता. त्याचे उत्तर नदीच्या काठावर उभे राहिल्यावर मिळते: येथे कृष्णा शेतांच्या बरीच खाली, खोल दरडींच्या मधून वाहते, आणि मोटेच्या काळात एवढ्या उंचीवर नदीचे पाणी चढवणे शक्य नव्हते. पायऱ्या गुळगुळीत झालेल्या आहेत. लहान मुलांचा हात सोडू नये. जवळच गोवे गावी नदीकाठी कोटेश्वराचे मंदिर आहे, वेळ असल्यास तेही पाहावे.

सातारा शहर या प्रवासात मी मुद्दाम वगळतो. अजिंक्यतारा, वस्तुसंग्रहालय, कास आणि सज्जनगड यांसाठी वेगळी फेरी करावी. येथे जेवावे, कंदी पेढे घ्यावेत आणि कोरेगावच्या रस्त्याने पाच किलोमीटरवरील माहुलीला जावे.

माहुलीला वेण्णा कृष्णेला मिळते. ज्या डोंगरावर दोघी उगम पावल्या तेथून निघून, एक वाईकडून आणि एक मेढ्याकडून येऊन, त्या येथे पुन्हा भेटतात. संगम माहुली आणि क्षेत्र माहुली अशी दोन गावे समोरासमोरच्या काठांवर आहेत. विश्वेश्वराचे मंदिर श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी १७३५ च्या सुमारास बांधले, आणि समोरच्या काठावर रामेश्वर आहे. घाटालगत सातारच्या राजघराण्यातील समाध्या आहेत. थोरले शाहू महाराज १७४९ मध्ये निवर्तले, त्यांची स्मृती येथे आहे, आणि त्यांच्या लाडक्या कुत्र्याची समाधीही येथेच दाखवतात. पेशवाईतील न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे हे याच माहुलीचे. पुरात माहुलीचे बांधकाम अनेकदा पाण्याखाली जाते, त्यामुळे पावसाळ्यानंतरचे काही आठवडे पायऱ्यांवर गाळाचा थर असतो आणि पाय घसरतो. तळाला पकड असलेल्या चपला घालाव्यात. संगमाच्या टोकाशी पाण्याचा वेग फसवा असतो, तेथे उतरू नये.

माहुलीहून कराडला जाण्यास दोन वाटा आहेत. कोरेगाव, रहिमतपूर, मसूर अशी डाव्या तीराची वाट शेतांमधून जाते, परंतु तिच्यावर नदी फारशी दिसत नाही. मला दुसरी वाट बरी वाटते: महामार्गाने उंब्रजपर्यंत यावे, तेथून मसूरकडे वळून कृष्णेचा पूल ओलांडावा आणि मसूरहून कराड गाठावे. समर्थ रामदासांनी स्थापलेल्या अकरा मारुतींपैकी एक उंब्रजला आणि एक मसूरला आहे, म्हणजे आडवाट सार्थकी लागते. महामार्गावरून पश्चिमेला वळल्यास चाफळचे राममंदिर आणि तेथील दोन मारुती पाहता येतात, मात्र मग कराडला अंधार पडतो.

कराडला सूर्यास्तापूर्वी तासभर पोहोचणे आवश्यक आहे. प्रीतिसंगमावर कृष्णा उत्तरेकडून येते आणि कोयना दक्षिणेकडून, दोन्ही नद्या एकमेकींना समोरासमोर भिडतात आणि मग एकत्र होऊन काटकोनात पूर्वेला वळतात. एरवी नद्या एकमेकींना कलत्या कोनात मिळतात. अशी सरळ गळाभेट क्वचित पाहायला मिळते. पाण्याच्या मध्यावर दोन्ही प्रवाह थबकल्यासारखी एक रेषा दिसते, ती पाहण्यासाठी घाटाच्या उंच पायरीवर उभे राहावे, खाली पाण्याजवळ जाऊ नये. शेजारी यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. २५ नोव्हेंबर या त्यांच्या पुण्यतिथीला येथे मोठी गर्दी असते, त्या दिवशी वाहन लावण्यास जागा मिळत नाही. गावातील नकट्या रावळाची विहीर, मशिदीचे दोन उंच मनोरे आणि पलीकडे जखिणवाडीजवळच्या आगाशिवच्या डोंगरातील बौद्ध लेणी यांसाठी तिसऱ्या दिवसाची सकाळ वापरावी. लेण्यांसाठी चढण आहे, पाणी सोबत न्यावे.

तिसरा दिवस: डाव्या तीराने सांगली

येथून पुढे बहुतेक सर्व जण पेठ नाक्यापर्यंत महामार्गाने जाऊन, इस्लामपूर व आष्टामार्गे सांगली गाठतात. इस्लामपूरचे नामांतर ईश्वरपूर असे झाले आहे, तेव्हा पाट्यांवर दोन्ही नावे आढळल्यास गोंधळू नये. ही वाट परतीसाठी ठेवावी. जाताना पुणे-मिरज रेल्वेमार्गाच्या सोबतीने, डाव्या तीराने जावे: ओगलेवाडी, शेणोली, ताकारी, किर्लोस्करवाडी, भिलवडी. रस्ता अरुंद आहे आणि मध्येच खराब लागतो. ऐंशी किलोमीटरना थांबे धरून पूर्ण दिवस द्यावा.

हा पट्टा उसाचा आहे, आणि ऑक्टोबरच्या मध्यापासून मार्चपर्यंत रस्त्यावर उसाचे राज्य असते. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आणि बैलगाड्या कारखान्यांकडे चाललेल्या असतात. ट्रॉलीच्या बाहेर ऊस दोन-तीन फूट लोंबकळत असतो आणि मागे दिवा किंवा परावर्तक असतोच असे नाही. ओलांडताना समोरचा रस्ता बराच लांबपर्यंत मोकळा दिसल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण पहिल्या ट्रॉलीच्या पुढे आणखी एक असते, हे बाजूला आल्यावरच कळते. अंधार पडल्यानंतर या रस्त्याने गाडी चालवूच नये. हंगामात गुऱ्हाळ चालू दिसले तर थांबण्यास हरकत नाही. विचारल्यास बहुतेक ठिकाणी काकवी चाखायला मिळते.

ओगलेवाडीत एके काळी काचकारखाना होता आणि तेथील प्रभाकर कंदील महाराष्ट्राच्या घराघरांत होता. जवळच कृष्णाकाठी टेंभू आहे, गोपाळ गणेश आगरकरांचे जन्मगाव. आज ते नाव दुष्काळी तालुक्यांना पाणी उचलून देणाऱ्या टेंभू उपसा सिंचन योजनेमुळे अधिक ऐकू येते. शेणोलीजवळ ७ जून १९४३ रोजी ब्रिटिशांविरुद्ध उभ्या राहिलेल्या प्रतिसरकारच्या (लोकांच्या तोंडी 'पत्री सरकार') तुफान सेनेने पगाराची रक्कम नेणारी रेल्वेगाडी अडवली होती. क्रांतिसिंह नाना पाटील यांचे येडेमच्छिंद्र आणि प्रतिसरकारचे केंद्र असलेले कुंडल ही गावे याच परिसरात आहेत, तेव्हा पारावर बसलेल्या वृद्धांना 'पत्री सरकार'विषयी विचारावे; मार्गदर्शकाची गरज पडत नाही.

ताकारीहून पश्चिमेला पुलाने नदी ओलांडून बहे गावचे रामलिंग बेट अवश्य पाहावे. कृष्णेच्या पात्रात मधोमध असलेल्या या बेटावर राममंदिर आहे आणि त्यामागे अकरांपैकी एक मारुती. रामाच्या पूजेत विघ्न येऊ नये म्हणून मारुतीने दोन्ही हात पसरून नदी अडवली आणि ती दोन प्रवाहांत विभागली, अशी कथा सांगतात. मूर्तीचे हातही तसेच आहेत. वाईच्या देवळाची माशासारखी भिंत ज्याने पहिल्या दिवशी पाहिली असेल त्याला ही कथा ओळखीची वाटेल. पाणी चढलेले असताना बेटावर जाऊ नये. परत ताकारीला येऊन देवराष्ट्रे गाठता येते. हे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव असून त्याला लागून सागरेश्वरची जुनी मंदिरे आणि अभयारण्य आहे. किर्लोस्करवाडी १९१० मध्ये औंध संस्थानाच्या माळरानावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी वसवली. बाहेरून पाहून पुढे जावे.

दुपारचे जेवण पलूस किंवा भिलवडीकडे करावे. कृष्णाकाठच्या वांग्यांचे भरीत आणि भाकरी मिळाली तर दुसरे काही मागवू नये. परतीच्या वाटेवर इस्लामपूरकडील ढाब्यांचा अख्खा मसूर आहेच. भिलवडीच्या पलीकडच्या काठावर अंकलखोपजवळ औदुंबर आहे. नृसिंह सरस्वतींनी येथे चातुर्मास केला असे मानतात, आणि औदुंबराच्या गर्द सावलीतील दत्तमंदिर व दगडी घाट ही या संपूर्ण प्रवासातील सर्वांत शांत जागा आहे. गुरुवार आणि पौर्णिमा मात्र याला अपवाद. समोर भुवनेश्वरीचे मंदिर असून नदी शांत असताना नावेने तेथे जाता येते. नाव फार भरलेली असल्यास पुढच्या खेपेची वाट पाहावी.

भिलवडी, अंकलखोप, डिग्रज या पट्ट्यात कृष्णेत मगरी आहेत. ही अफवा नव्हे. काठावर ऊन खात पडलेल्या मगरी शेतकऱ्यांना नेहमी दिसतात आणि माणसांवर हल्लेही झालेले आहेत. येथे पोहणे, पाय सोडून बसणे किंवा गाडी धुण्यासाठी पात्रात नेणे कटाक्षाने टाळावे. मगर पाहायचीच असेल तर उंच दरडीवरून, दुर्बिणीने, हिवाळ्यातील सकाळी दहाच्या सुमारास पाहावी.

सांगलीकडे जाताना थोडी वाकडी वाट करून ब्रह्मनाळला येरळेचा संगम पाहता येतो. खटावच्या कोरड्या मुलखातून येणारी येरळा वर्षातील बराच काळ वाळूचा पट्टा असते, त्यामुळे संगम पाहून काही जणांची निराशा होते. मला तो उलट महत्त्वाचा वाटतो, कारण वेण्णा आणि कोयना पावसाच्या डोंगरांतून येतात आणि येरळा दुष्काळाकडून. कृष्णेच्या दोन्ही बाजूंचा मुलूख किती वेगळा आहे हे येथे एका नजरेत दिसते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात याच गावातून लोकांना बाहेर काढणारी बोट उलटून माणसे दगावली. गावात त्याविषयी कुतूहलाने प्रश्न विचारू नयेत.

सांगलीत आयर्विन पुलापाशी गाडी लावून पायी पुलावर जावे. १९२९ मध्ये खुल्या झालेल्या या पुलाच्या खांबावरील फुटांच्या खुणा हे सांगलीकरांचे पंचांग आहे. पाणी चाळीस फुटांवर गेले की इशारा, पंचेचाळीसवर धोका. २०१९ मध्ये ते सत्तावन्न फुटांच्या वर गेले होते. खुणेवर बोट ठेवून मग मागे वळावे आणि बाजारपेठेतील इमारतींकडे पाहत ती उंची मनात मोजावी. काठावरचे गणपती मंदिर चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धनांनी उभारले. त्यांच्याच आश्रयाने विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये येथे 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले. भडंग येथूनच बांधून घ्यावे.

शेवटचा थांबा हरिपूर, शहरापासून तीन-चार किलोमीटरवर. येथे हळद साठवण्याची जमिनीतील पेवे होती आणि काही अजून आहेत. चिकणमातीत खोदलेल्या या खड्ड्यांत हळद वर्षानुवर्षे किडीवाचून टिकत असे, परंतु २००५ च्या पुराने त्यांपैकी पुष्कळ निकामी केली. पेव दिसले तर त्यात डोकावू नये, आत हवा कोंडलेली असते. नाटककार गोविंद बल्लाळ देवल यांचा जन्म याच गावचा. संगमेश्वराच्या देवळामागून घाटावर उतरल्यावर उजवीकडून वारणा येताना दिसते. पहिल्या दिवशी गोमुखातून हातावर घेतलेल्या पाण्याचे पात्र येथे इतके रुंद झालेले असते की पलीकडच्या काठावरील माणसाला हाक ऐकू जात नाही. संध्याकाळी सहानंतर घाटावर उजेड अपुरा असतो, म्हणून दिवस मावळण्यापूर्वी वर यावे. ज्यांना आणखी एक दिवस आहे त्यांनी सकाळी नृसिंहवाडीला पंचगंगेचा संगम गाठावा. इतरांनी सांगलीतच मुक्काम करून, उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर येण्यापूर्वी, पहाटे आष्ट्याच्या रस्त्याने पेठ नाक्याकडे निघावे.